पाच गावांची वाट आणि आमचा गडगा

मे महिन्यात शाळेला सुटी लागली आणि आम्ही मिलानला धाकट्या दिरांकडे गेलो. फिरण्याबरोबर एक कामही होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीला गिऱ्हाईक आले होते. दोघा भावांनी एकत्र बसून ठरवायचे, म्हणून कागदांची फाईल बॅगेत होती. सत्तरीच्या अम्मीही बरोबर होत्या. पण या विषयावर त्या एक शब्द बोलत नव्हत्या.

दिरांनी समुद्रकाठच्या पाच गावांची पायी सहल आखली होती. या भागाचे नाव चिंक्वे तेर्रे, म्हणजे ‘पाच जमिनी’. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती गावे. डोंगर थेट समुद्रात उतरलेला आणि त्याच्या कुशीत रंगीत घरे. १९९७ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झाले. गावांना जोडणारी जुनी पायवाट सुमारे १२ किलोमीटरची आहे. काही टप्प्यांना तिकीट लागते आणि पायात घट्ट बूट हवेत, साध्या चपला चालत नाहीत. अम्मींचे गुडघे दुखतात. त्यामुळे त्या आणि दीर आगगाडीने पुढे जात, आम्ही दोघे मुलांना घेऊन चालत असू. दोन गावांमध्ये गाडीला जेमतेम काही मिनिटे लागतात.

मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा साडेतीन किलोमीटर. आम्हाला दोन तास लागले. शेकडो दगडी पायऱ्या, एका हाताला लिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा, दुसऱ्या हाताला खाली निळा समुद्र. जुहरची वेळ वाटेतच झाली. कोकणात आपण नमाजला उभे राहतो तेव्हा तोंड समुद्राकडे असते. इथे किबला आग्नेयेला, म्हणजे साधारण आमची वाट जात होती त्याच दिशेला. समुद्र उजव्या हाताला राहिला. मुलांना भूगोलाचा हा धडा पुस्तकाशिवाय कळला. एका सपाट दगडाशेजारी चादर अंथरून आम्ही कसर पढलो. येणारेजाणारे आवाज न करता बाजूने गेले.

खाण्याची चिंता होती, ती फारशी उरली नाही. चण्याच्या पिठाची भट्टीत भाजलेली ‘फरिनाता’ बेसनाच्या पोळ्यासारखी लागते. फोकाच्चा नावाची रोटी घेताना तेवढे विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात. मोंतेरोस्सोचे खारवलेले अँचोव्ही मासे म्हणजे आपल्या मांदेलीचे भाऊबंद. द्राक्षे मात्र बहुतेक दारूसाठीच पिकतात; त्या दुकानांवरून आम्ही पुढे गेलो.

डोंगरभर मळ्यांच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला दगडी बांध. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, मधे चिपा. फटींतून पावसाचे पाणी वाट काढते, माती जागेवर राहते. पण दरवर्षी निगा लागते. निगा थांबली की बांधाला पोट सुटते आणि तो बसतो. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या ला स्पेत्सियाला आरमाराची गोदी झाली, रेल्वे आली, आणि तरुण मळे सोडून मजुरीला जाऊ लागले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी प्रचंड पाऊस झाला. वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्या चिखलाने भरल्या, माणसे गेली. वेर्नात्साच्या डोंगरात, थोड्या वर्षांपूर्वी ओस पडलेल्या पायऱ्यांवर दरडी अधिक सुटल्याचे अभ्यासकांना आढळले. वाचताना ह्यांनी मान वर केली नाही. आमचे आजेसासरे बोटीवर खलाशी होते, सासरे कुवेतला, दीर मिलानला. जमीन त्या सर्वांची वाट पाहत राहिली.

कोर्नील्या समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर आहे. स्टेशन खाली, वर यायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या, नाहीतर छोटी बस. अम्मी बसने आल्या होत्या. आम्ही दमून पोहोचलो, तर अम्मी गावाबाहेर एका पडक्या बांधाशी उभ्या! एक म्हातारा माणूस बांध रचत होता आणि अम्मी खाली वाकून चिपा निवडून त्याच्या हातात देत होत्या. तो इटालियनमध्ये बोलत होता, त्या मराठीत. “हा बसणार नाही हो, तोंड फिरवा,” अम्मी म्हणाल्या. त्याने दगड फिरवला. तो बसला.

“हा तर आपला गडगा,” अम्मी आमच्याकडे वळून म्हणाल्या. “तुमच्या अब्बांच्या माघारी वीस पावसाळे मी वरचा गडगा असाच लावून घेतला. दगड मीच द्यायची.”

धाकटे दीर तिथेच उभे होते. त्यांनी काही न बोलता दोन मोठे दगड उचलून म्हाताऱ्याजवळ नेऊन ठेवले.

त्यापुढची खालची वाट दरडीमुळे बंद होती. आम्ही गाडीने रिओमाज्जोरेला गेलो आणि तिथून मानारोलापर्यंत कड्याला बिलगलेल्या सपाट वाटेने अम्मींना घेऊन चाललो. २०१२ साली दगड कोसळून बंद पडलेली ही वाट २०२४ साली पुन्हा उघडली. अम्मी एक किलोमीटर चालल्या, कुठेही बसल्या नाहीत.

मिलानला फाईल उघडली गेली, चर्चाही झाली. घर दुरुस्तीला पैसे हवेत, मुलाचे शिक्षण पुढे आहे. गिऱ्हाइकाची रक्कम लहान नव्हती. शेवटी दोघा भावांनी एक वर्ष थांबायचे ठरवले. कागद सहीविना परत आले.

जूनच्या पावसाआधी आम्ही गावी जाऊन आलो. गडगा अकरा ठिकाणी बसला होता. चुन्याशिवाय दगड लावणारा गावात एकच माणूस उरला आहे, तोही थकलेला. त्याच्या हाताखाली आमच्या मुलाने चार दिवस काम केले. पाच जागा भरल्या. सहा बाकी आहेत. इन्शाअल्लाह, दिवाळीच्या सुटीत.