छप्पन्न एपीओ नावाचं गाव

डिसेंबर लागला की मला ध्वजदिन आठवतो. ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. जमलेला निधी माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी वापरतात. आम्हा शिक्षकांकडे छोट्या कागदी ध्वजांचा गठ्ठा यायचा. लाल, गडद निळा, फिकट निळा असे तीन पट्टे. मुलं खाऊच्या पैशातून ध्वज घ्यायची आणि टाचणीने छातीवर लावून दिवसभर मिरवायची.

आमच्या नगर जिल्ह्याला (नाव आता अहिल्यानगर झालं, पण जुन्या जिभेवर नगरच येतं!) लष्कर काही नवं नाही. शहरात चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. पण माझी फौजेची ओळख झाली ती पत्रांतून.

श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या कालव्याकाठी आमचं गाव. शेजारच्या मावशींचा मुलगा फौजेत ड्रायव्हर होता. आम्ही सगळी मुलं त्याला दादा म्हणायचो. मावशींना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे त्याचं पत्र वाचून दाखवणं आणि उत्तर लिहिणं हे काम माझ्याकडे होतं. पत्ता ठरलेला, नंबर, युनिट आणि शेवटी 'छप्पन्न एपीओ'. लष्करी टपालाचा हा आकडा, जवान कुठे आहे ते त्यावरून कळू नये म्हणून. मावशींना मात्र ते गावच वाटायचं. "छप्पनला पाऊस झाला असंल का गं?" असं त्या विचारायच्या.

१९६५ च्या सप्टेंबरात युद्ध पेटलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. रेडिओभोवती गर्दी जमायची. मावशी मात्र पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायच्या. कितीतरी दिवसांनी पत्र आलं. चारच ओळी. मी खुशाल आहे, काळजी करू नये, म्हशीला जपावे, पैसे पाठवतो. मावशींनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

दादा हवालदार होऊन निवृत्त झाला, गावी परतला, शेती पाहू लागला. २६ जानेवारीला शाळेत त्याचा सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ, टाळ्या. दोन शब्द बोला म्हटलं की तो उभा राहून "जय हिंद" म्हणायचा आणि खाली बसायचा. युद्धाचं विचारलं तर म्हणे, "मी काय केलं? गाडी चालवली."

२००५ साली आमची सहल नगरच्या संग्रहालयात गेली. आग्रह करून दादालाही नेलं. पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटन रणगाड्यासमोर मुलं उभी होती. एका चिमुरडीने विचारलं, "आजोबा, तुम्ही लढाईत जेवायचा कधी?"

दादा हसला. म्हणाला, "जेवण? शकरपारे खिशात ठेवायचे अन् गाडी चालवता चालवता खायचे." आणि मग तो बोलतच राहिला. खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत आपल्या लोकांनी पाणी सोडून शेतं भिजवली होती. आपले रणगाडे उसात दडले होते. "आपण उसाला पाणी देतो ना, तसाच चिखल. त्यात हे पॅटन रुतले." त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे उद्ध्वस्त झाले किंवा हाती लागले असं सांगतात. दादा रात्री दिवे न लावता दारूगोळ्याचा ट्रक पुढे न्यायचा. पुढचा ट्रक उडाला, त्यात त्याचा सोबती होता. खाली उतरायचा हुकूम नव्हता. बाजूने गाडी काढून तो पुढे गेला.

"ते पत्र दुसऱ्या दिवशी लिहिलं," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

म्हशीला जपावे... ते पत्र! मावशी तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. आपला मुलगा छप्पनला खुशाल होता, एवढंच त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं.

आपल्याच जिल्ह्यातले राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९६५ साली त्याच खेमकरण भागात लष्करी गाडीचे चालक होते. त्यांची हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे. पण अशा किती दादांच्या हकीकती त्यांच्याबरोबरच निघून गेल्या असतील? दादाही आज नाही. त्या दिवशी मी वहीत टिपून घेतलं म्हणून हे चार शब्द उरले.

१९६५ चे सर्वांत तरुण जवानसुद्धा आज ऐंशीच्या आसपास आहेत. १९७१ चे पंच्याहत्तरीच्या. ध्वजनिधी द्यावा, सत्कारही करावा. पण त्यांच्याजवळ जाऊन बसणं मला जास्त मोलाचं वाटतं. "किती शत्रू मारले?" असं विचारू नका. काय खायचात, झोपायचात कुठे, पत्र कधी यायचं, सोबत कोण होतं, असं विचारा. नाही बोलले तर नाही, चहा घेऊन या. बोलले तर तारीख, युनिट, सोबत्यांची नावं लिहून ठेवा.

आमच्या नात्यातही दोन माजी सैनिक आहेत. भाचेमंडळी, हे वाचताय ना? दिवाळीच्या सुट्टीत मोबाईल बाजूला ठेवून एक वही घेऊन या. पेन मी देईन.