फाट्यावरचा कासरा

अर्धापूरच्या केळीबागा आणि डोंगरकडा मागं टाकून एसटी वारंगा फाट्यावर थांबली. पोळा आठवड्यावर आला होता. गरम खिचडी खाल्ली आणि शेजारच्या दुकानात डोकावलो. कासरे, दावी, म्होरक्या, सगळं पिवळंनिळं नायलॉन.

"अंबाडीचं नाही का?"

"वळणारे कुठं राहिले आता, मामा?"

वळणारे म्हणजे मातंग. बलुत्याच्या काळात गावाला दोर पुरवायचे त्यांनी, आणि कुणाला फाशी सुनावली तर तो दोर गळ्यात अडकवायचाही त्यांनीच. त्यासाठी अर्ज नाही, नेमणूक नाही, जन्मतःच नोकरी! पगार नव्हता. खळ्यावर रास पडली की जे बलुतं पदरात पडे, त्यातच बैलाचा कासरा आणि माणसाचा फास दोन्हींचा हिशेब मिटे. वर निर्दय माणसासाठी मराठीनं 'मांगहृदयी' हा शब्द त्यांच्याच माथी मारला. शिक्षा फर्मावणाऱ्याच्या हृदयावरून मात्र आपल्याकडं शब्द झाला नाही.

हाच रस्ता पुढं बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो. एकोणिसाव्या शतकात तिथं निजामाच्या फौजेची छावणी होती आणि छावणीत हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी. हा वाटसरूंना गळफास लावून लुटणाऱ्या ठगांचा म्होरक्या. दक्षिणेत ठगांना फांसीगारच म्हणत. मुंबईहून एका व्यापाऱ्याचं कापड येतंय हे कळल्यावर यानं इंग्रज साहेबाकडून कापड आणायचा परवाना घेतला, वाटेत त्या व्यापाऱ्याला माणसांसकट संपवलं आणि तोच माल छावणीत उघड विकला. पकडल्यावर हे त्यानं स्वतःच मजेत सांगितलं. मेडोज टेलरनं १८३९च्या आपल्या ठगांवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हे लिहून ठेवलंय. १८३१ ते १८३७ या काळात ४१२ ठग फासावर गेल्याचा आकडाही तिथलाच. जबलपूरकडच्या फाशींच्या वर्णनांत तर ठग आपल्या हातानं फास अडकवून घेताना दिसतात. फाशी देणाऱ्याचा विटाळ नको म्हणे! माणसं मारून हात बाटले नव्हते, ते त्याच्या स्पर्शानं बाटणार होते.

आता फाशीचा दोर बिहारच्या बक्सर तुरुंगातून येतो. २०२० साली तिहारमध्ये चौघांना फाशी दिली, तेव्हा मेरठच्या पवन जल्लादांना माणशी १५ हजार मिळाल्याच्या बातम्या होत्या. बलुत्यात असा वेगळा दर कधीच नव्हता.

"घेता का मग?" दुकानदारानं कासरा ताणून दाखवला. "बैल तुटंल, हा तुटायचा नाही."

माझ्याकडं बैल नाही. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली.