जांभईने उचललेला हात

वाचकहो, आपल्या शरीराचा धनी कोण, असे कोणी विचारले तर आपण चटकन ‘मीच’ असे उत्तर देऊ. माझेही उत्तर तेच होते. जयपूरच्या मुरलीपुऱ्यात थोरल्या भावाच्या घरी काढलेल्या पंधरा दिवसांनी ते बदलले.

आमचे वडील, नाना, तेथेच राहतात. पक्षाघाताने त्यांचा डावा हात लुळा पडून तेव्हा तीन आठवडे झाले होते. एके सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या, तोच नानांना मोठी जांभई आली. आणि पांघरुणावर ओंडक्यासारखा पडून असणारा तो हात कोपरात वाकून छातीपर्यंत वर आला. जांभई सरली, हात पुन्हा खाली पडला.

घरात आनंदीआनंद झाला. वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. मी म्हणालो, “नाना, आता तसाच पुन्हा उचला.” नानांनी ओठ आवळले, कपाळावर घाम आला, पण बोटही हलले नाही. दोन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेले, “तुम्हाला येतं, नाना, तुम्ही मनावरच घेत नाही.” नाना काही बोलले नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजले.

व्यायाम करवून घेण्यास एक बाई येत असत. त्यांना हे सांगितले, तेव्हा माझे अज्ञान माझ्या पदरात पडले. आपण इच्छेने हात उचलतो तेव्हा आज्ञा मेंदूच्या पृष्ठभागातून निघते, लंबमज्जेत बाजू ओलांडते आणि मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाते. म्हणूनच उजव्या मेंदूस इजा झाली की डावे अंग लुळे पडते. जांभईचा उगम मात्र त्या पृष्ठभागात नाही. तो मेंदूच्या खालच्या, अधिक प्राचीन भागात आहे. तेथून निघालेली प्रेरणा दुसऱ्या वाटेने हातापर्यंत पोहोचू शकते. हात तोच, स्नायू तेच. हुकूम सोडणारा निराळा! अर्धांगाच्या काही रोग्यांत हे दिसते, याची नोंद वैद्यकात फार पूर्वीपासून आहे; २००५ साली फ्रान्समधील वैद्यांनी त्याला स्वतंत्र नावही दिले.

म्हणजे नानांची इच्छा दुबळी नव्हती. तिची वाट खचली होती.

इच्छेला मुळातच मर्यादा आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय दिवसाकाठी लाखाहून अधिक वेळा धडधडते, आणि त्यासाठी आपली परवानगी मागत नाही. काही योगी हृदय इच्छेने थांबवू शकतात, असे म्हटले जाई. वेंगर, बागची आणि दिल्लीचे आनंद या शास्त्रज्ञांनी अशा योग्यांची यंत्रांनी परीक्षा केली व १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास कोंडून छाती व पोट आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होई, त्यामुळे नाडी हाताला लागेनाशी होई. पण हृदय चालूच असे. श्वासावर आपली सत्ता थोडी अधिक आहे. तो आपण रोखू शकतो; परंतु रक्तातील कर्बवायू वाढला की मेंदूचा बुंधा कारभार आपल्या हाती घेतो. जे काम योग्याच्या निग्रहालाही साधले नाही, तेथे एका रुग्णाच्या निग्रहावर मी ठपका ठेवला होता.

त्या रात्री मी नानांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “अरे, मलाही वाटू लागलं होतं, की मीच कुठंतरी कमी पडतोय.” हे वाक्य मला अजून बोचते. हात गेल्याचे दुःख त्यांनी सोसले होते. दोष मात्र मी त्यांच्या माथी मारला होता.

आपल्या घरी असा प्रसंग आला, तर त्या जांभईला चमत्कार मानू नका आणि रोग्याला आळशीही म्हणू नका. व्यायाम मात्र नेटाने चालू ठेवा. वारंवार केलेल्या प्रयत्नांनी मेंदूचा शाबूत भाग कधी कधी नव्या वाटा पाडतो.

नाना सांगितल्यावर हात अद्याप उचलू शकत नाहीत. अंगठा मात्र किंचित हलवतात. जांभई आली की हात आपोआप वर येतो. आम्ही कोणी काही बोलत नाही. वहिनी चहाची कपबशी तेवढी जरा दूर सरकवतात.