वेष्टन

ज्येष्ठ शुद्ध पंचमी म्हणजे आमची श्रुतपंचमी. मंदिरातले ग्रंथ बाहेर काढायचे, धूळ झटकायची, जुनी वेष्टनं सोडून नवी बांधायची. यंदा ते सगळं आटोपून अफझलगंजातल्या जुन्या लायब्ररीवरून घरी आले आणि सासूबाईंची वही काढली. उपवासांच्या नोंदी, ओव्या, चातुर्मासात पालेभाजी नाही तेव्हा काय रांधायचं त्याच्या युक्त्या. काही पानांवरची शाई पार उडालेली. आता कॉम्प्युटरवर उतरवायलाच हवं. पण कशात?

मुलगा म्हणाला, ''आई, नोशन घे. पानात पान, तक्ते, सगळं लावून मिळतं.'' सूनबाई म्हणाली, ''आई, व्हीएस कोड घ्या.''

''अगं, ते प्रोग्राम लिहायचं. मला काय करायचंय?''

''आत साधी अक्षरंच असतात की!''

आठवडाभर दोन्ही वापरून पाहिली. नोशन देखणं. खूण केली की चातुर्मासाचे पदार्थ वेगळे निघतात. व्हीएस कोडच्या काळ्या पडद्याची आधी धास्तीच वाटली. पण नेट नसतानाही चालतं आणि 'हिंग' शोधलं की सगळ्या फाइलींमधला हिंग समोर येतो.

फरक निघाला तो वेगळाच. नोशनमधलं लिखाण कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहतं. बाहेर काढता येतं, पण ते आठवणीनं काढायला हवं. आणि माझी आठवण मला ठाऊक आहे. पूर्वी फोनवरचं एक ॲप बंद पडलं. सूचना आली होती म्हणे, मी पाहिलीच नाही. दोन वर्षांचं टिपण गेलं. साधी फाइल मात्र आपल्या घरात, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारी.

धवलेची ताडपत्रं मूडबिद्रीला शतकानुशतकं जपली गेली. पण आपल्या हाती ती आली नकला झाल्यावर. १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी पहिला खंड छापला तेव्हा. नुसतं जपून भागत नाही, उतरवून घ्यावं लागतं.

म्हणून वही साध्या फाइलींत, व्हीएस कोडमध्ये. एक नक्कल पेन ड्राइव्हवर, एक छापून नणंदेकडे. व्रतांच्या तारखा आणि वाणसामान नोशनमध्ये. ते गेलं तरी पुन्हा लिहिता येईल.

पुढच्या श्रुतपंचमीला फाइलीही उघडून बघायच्या, नवी नक्कल काढायची. सूनबाईनं फोनवर तशी आठवण लावून ठेवलीय.