पडद्यांमधील पट्टी

कोलकात्यातील नेमणुकीत, कार्यालयाच्या संगणकजाळ्याच्या देखरेख कक्षासाठी पडदे निवडणाऱ्या समितीवर मी वित्त शाखेचा सदस्य होतो. रुंद चौकटीच्या एलसीडी पडद्यांचा दर सर्वांत कमी. त्यांच्या बाजूचे टिपण मीच लिहिले. पडदे शेजारी शेजारी बसले आणि नकाशातील आसनसोलची जोडणी नेमकी दोन चौकटींमधील काळ्या पट्टीत दडली. एका रात्री ती तुटली. लाल खूण कोणाला दिसली नाही. सकाळी जाब विचारला गेला तो रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला. माझ्या टिपणाला नव्हे.

पुढील बैठकीत आमच्या अभियंत्याने टॉलीगंजच्या पूर्व विभागीय भार प्रेषण केंद्राचा दाखला दिला. पाच राज्यांचे वीजजाळे सांभाळणाऱ्यांना सर्वप्रथम एकच आकडा हवा असतो: वारंवारिता ५० हर्ट्झच्या किती जवळ आहे. ३१ जुलै २०१२ रोजी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य भारताची जाळी कोसळली, ती काही सेकंदांत. तेवढ्या अवधीत भिंतीवर आकडा शोधत बसता येत नाही.

आम्ही पडदे बदलले नाहीत, मांडणी बदलली. खुर्चीपासून भिंत सहा मीटर. तेथून सहज वाचता यावे यासाठी अक्षर निदान साडेतीन सेंटिमीटर उंच हवे. तसे मोजून नकाशा पुन्हा आखला, कोणतीही जोडणी पट्टीवर येऊ दिली नाही. तपशील मेजावरील संगणकांवर गेला; मधल्या पडद्यावर केवळ बिघाड. वरिष्ठांच्या भेटीसाठी लावलेले रंगीत आलेख (मला ती आरासच वाटे) उतरवण्यास मात्र तीन बैठका लागल्या.