दोन बोटांची दोरी

टोकियोला जाऊन आलेला मराठी माणूस तिथल्या आगगाड्यांच्या वक्तशीरपणाचे वर्णन करताना थकत नाही. माझ्या डोळ्यांत मात्र भरली ती तिथली दोरी. १९२० साली उभारलेल्या मेइजी देवस्थानाच्या आवारात कापराची दोन झाडे शेजारी शेजारी उभी आहेत. भाताच्या पेंढ्याच्या एका दोराने त्यांना एकमेकांशी जोडले आहे आणि लोक त्यांना नवरा-बायकोची झाडे म्हणतात. आपण दोरीने गुरे बांधतो, शिंके टांगतो, पोहरा सोडतो. जपानी माणसाने मात्र दोरीला देवळात जागा दिली, आणि शेजघरातही दिली!

वाचकहो, दचकू नका. 'किन्बाकु' म्हणजे घट्ट बांधणे. प्रौढ जोडप्यांनी परस्परांच्या खुशीने, सुखासाठी करायची ही कला. तिचे मूळ शोधताना अभ्यासक एदो काळातल्या शिपायांच्या कैदी बांधण्याच्या विद्येपर्यंत जातात. तिथून ही दोरी रंगभूमीवर आली. १७५७ सालच्या एका बाहुलीनाट्यातला प्रवेश काबुकीत आजही होतो: चेरीच्या झाडाला बांधलेली युकी-हिमे ही नायिका गळून पडलेल्या पाकळ्यांत पायाच्या बोटांनी उंदीर रेखाटते, ते उंदीर जिवंत होतात आणि तिचे बंध कुरतडतात. इतो सेइउ (१८८२-१९६१) या टोकियोच्या चित्रकाराने असल्या बद्ध नायिकांची चित्रे आयुष्यभर काढली, आणि या कलेचा जनक हे बिरुद त्यालाच लाभले.

एवढे वाचून आम्ही उभयतांनी एका बाईंकडे चार दिवसांची शिकवणी लावली. आमचे हे बँकेत अधिकारी, वजनाने माझ्या दीडपट. लग्नाला वीस वर्षे झालेली. खोली गल्लीतल्या जुन्या घराच्या माडीवर होती. खाली तातामीच्या चटया, वर आडवा बांबू. दोर तागाचा, करंगळीहून बारीक, सात-आठ मीटर लांब. तो मधोमध दुमडून दुहेरी वापरायचा, आणि कातरी नेहमी हाताशी ठेवायची.

पहिल्या दिवशी ह्यांनी माझी मनगटे बांधली. बाईंनी वेढ्याखालून दोन बोटे सरकवून पाहिली आणि मान डोलावली. तेवढी जागा राहिलीच पाहिजे, असा नियम. मला हसू आले. कार्तिकात आपण ज्या दामोदराचे नाव घेतो, त्याला बांधताना यशोदेचे दावे नेमके दोन बोटेच कमी पडत होते!

मग बाईंनी मला विचारले, "घट्ट आवडते की सैल?"

"कसेही चालेल."

"चालेल हे उत्तर नव्हे," बाई शांतपणे म्हणाल्या.

वीस वर्षे मी वर्गात रसचर्चा करते, शृंगाराचे विभाव-अनुभाव फळ्यावर लिहून देते. पण मला स्वतःला काय आवडते, या प्रश्नाला माझ्यापाशी शब्द नव्हता. आपल्या घरांतून बाईचे अर्धे आयुष्य 'चालेल' या एका शब्दावर निभते.

लहानपणी पुण्यात मी दोरीचा मल्लखांब केला होता. त्यामुळे अधांतरी लटकणे मला रुचेल, असे आम्हां दोघांनाही वाटत होते. तिसऱ्या दिवशी तो योग आला. उचलण्याचे काम बाईंनी स्वतःकडे ठेवले, कारण ते शिकायला वर्षे लागतात. छाती, कंबर आणि मांड्या यांवर भार वाटून त्यांनी मला जमिनीपासून हातभर वर घेतले. दंडावर दोर चुकीच्या जागी रुतला तर आतली शीर दुखावते आणि मनगट लुळे पडते. म्हणून त्या सारख्या विचारत होत्या, "बोटे हलतात? मुंग्या येतात?" तसे काही होत नव्हते. पण मन रमेना. मल्लखांबात दोरीला गाठ मारायची नसते. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या पकडीवर आपण दोरी धरतो. इथे दोरीने मला धरले होते, आणि माझे सारे लक्ष तिच्या ताणाकडे. "खाली," मी म्हणाले. बाईंनी तत्काळ उतरवले. कोणी कारण विचारले नाही, कोणाचा चेहरा पडला नाही. एका शब्दाचा एवढा मान मी क्वचितच पाहिला आहे.

माझी आवड चौथ्या दिवशी कळली. चटईवर बसावे, हात पाठीशी, छातीवरचे वेढे चांगले घट्ट, दोर अगदी सावकाश ओढलेला आणि पाठीवर ह्यांचा तळवा. तेवढ्यात माझे खांदे उतरले, श्वास लांबला आणि घड्याळ कुठे गेले कळले नाही. "घट्ट. आणखी थोडे घट्ट," मी म्हणाले. हे माझ्याकडे असे पाहू लागले, जणू बायको प्रथमच बोलते आहे.

गंमत पुढेच. जन्मात कधी झाडावर न चढलेल्या ह्यांना टांगून घ्यायची हौस आली. बाईंनी त्यांचे वजन विचारून दोर वाढवले आणि शिंक्यातल्या लोणच्याच्या बरणीसारखे त्यांना वर घेतले. डोळे मिटून हे असे हसत होते, की मला त्यांचे बालपण दिसले.

आवड आपल्याला आधीच ठाऊक असते, हा एक भ्रम आहे. ती अंगाला विचारावी लागते, आणि विचारणारा खाली उतरवायला तयार असावा लागतो. दोर बांधतो खरा, पण त्यातली ती दोन बोटांची जागा दुसऱ्याच्या 'नको'साठी असते.

परत येताना आम्ही दोन दोर आणले. ते कपाटात आहेत; कधी निघतात, कधी नाही. पण हल्ली हे चहा करताना आतून विचारतात, "अगं, साखर किती घालू?" आणि मी 'चालेल' म्हणत नाही.