परसातला चाकवत

बदलीच्या माणसाने आंबा लावू नये, असे आमचे जुने मत. लखनौस आल्यावर ते अधिकच पक्के झाले. जवळच्या मलिहाबादेस दसेरीच्या बागा आजोबांनी लावाव्या आणि नातवांनी खाव्या. आमचे सरकारी बिऱ्हाड फार तर तीन वर्षांचे. म्हणून आम्ही पालेभाजीवर संतुष्ट असतो. दसऱ्यानंतर पालक, मेथी, शेपू पेरावा आणि महिन्याभरात ताटात वाढून घ्यावा. शेपूस येथे सोया म्हणतात, एवढाच काय तो फरक. गोमतीच्या गाळाची माती अशी मऊ की खुरप्यास कष्ट म्हणून पडत नाहीत.

गेल्या ज्येष्ठात साताऱ्याहून आई आली, ती जुन्या लुगड्याच्या फडक्यात अळूचे पाच-सहा कंद बांधून. येथे अरवी ढिगांनी मिळते, हे आम्ही सांगून पाहिले. ‘त्या पानांनी घसा खाजतो,’ असा तिने निकाल दिला. वास्तविक खाज साऱ्याच अळूच्या अंगी. पानांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांची ती करणी, कोठे कमी, कोठे जास्त. पण आईशी रसायनशास्त्र बोलण्याची आमची प्राज्ञा नाही. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर अळू माजला आणि गौरींना त्याचे फदफदे झाले.

आईचा जीव मात्र रमेना. भातखंड्यांनी १९२६ साली उभे केलेले कैसरबागेतील संगीत विद्यालय आम्ही तिला अभिमानाने दाखवून आणले. परतताना तिने विचारले, ‘ते स्वतः इथं राहिले का रे?’ ते मुंबईस राहत, हे आम्हांस कबूल करावे लागले.

कार्तिकातील एका सकाळी माळी पालकाच्या वाफ्यातून तण उपटून कुंपणापाशी फेकीत होता. आई ओरडली, ‘अरे, थांब! चाकवत आहे तो!’ माळी चकित झाला. ‘माताजी, यह तो बथुआ है, गेहूँ में अपने-आप निकल आता है.’ ज्याचे बी आमच्याकडे वाफा करून पेरावयाचे, ते येथे न सांगता उगवते आणि खुरप्याखाली जाते! येथली माणसेही तो आवडीने खातात. मुद्दाम पेरीत मात्र नाहीत. त्या दिवशी आईने ताकातला चाकवत केला, हरभऱ्याची डाळ आणि दाणे घालून. वाटीभर शेजारी गेला. दुसऱ्या दिवशी तीच वाटी बथुएच्या रायत्याने भरून आली. मग दोघी बायका उन्हात बसू लागल्या. एकीस मराठी येत नव्हते, दुसरीस हिंदी.

आता ती राहील, असे आम्हांस वाटू लागले होते. पौषात कडाका पडला. पारा तीन-चार अंशांवर आला, आठवडाभर धुक्यातून सूर्य दिसला नाही. पालकास आम्ही सायंकाळी हलके पाणी देऊन वाचवले, अळू विसरलो. एका रात्रीत त्याची पाने काळी पडून दांड्यावर लोंबू लागली. आई काही बोलली नाही. संक्रांतीपूर्वी तिने तिकीट काढावयास सांगितले, आणि आम्ही काढले. आग्रह करावयास हवा होता, हे गाडी सुटल्यावर सुचले.

माळ्याने मात्र काळी पाने कापून जागेवर पेंढा पसरला होता. फाल्गुन सरताना तो बाजूस केला, तो कंदांतून गुंडाळलेली चार हिरवी पाने वर आलेली. आम्ही दूरध्वनीवरून आईस कळवले. ‘बरं झालं,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ‘चाकवताचं बी धरलंस का?’

चाकवत तोवर कमरेइतका वाढून तुऱ्यावर आला होता. त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून माळी ते पडू देण्यास राजी नव्हता. पुढल्या साली सारे वाफे बिघडतील, असे तो अजून बजावतो. भिंतीकडेची दोन झाडे आम्ही त्यास उपटू दिलेली नाहीत.